वीरधवल खाडेच्या कारकिर्दीचं माप

गोव्यात २०२३च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात ३७व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या. पुरुषांच्या ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक कोल्हापूरच्या वीरधवल खाडेनं जिंकलं आणि महिलांच्या त्याच शर्यतीचं सुवर्ण त्याची पत्नी ऋजुता खाडे हिनं. एकाच घरातले दोघे देशातले सर्वांत वेगवान जलतरणपटू ठरले. वीरधवल तेव्हा ३२ वर्षांचा होता. याच स्पर्धेत त्यानं निवृत्ती घेतली. हरत हरत, निवड समितीच्या दारात ताटकळत थांबलेले खेळाडू आपण पुष्कळ पाहिले आहेत. जिंकून थांबण्याचं भाग्य थोड्यांनाच लाभतं. ते त्याला लाभलं याचा जिल्ह्यातला माणूस म्हणून मनापासून आनंद वाटतो.

देशात तेव्हा क्रिकेटचा विश्वचषक रंगात आला होता. इचलकरंजीजवळच्या कबनूरच्या चौकात काय किंवा मागाच्या कारखान्यांच्या दारात काय, बोलणं चाले ते त्याचंच. वीरधवलचा विषय फारसा निघाला नाही. जिथं निघाला, तिथं कुणी ना कुणी विचारायचंच : ‘पोरगं पट्टीचं पोहणारं, खरं ऑलिंपिकचं पदक कुठं हाय?’

हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. पहिलवानांच्या या मुलुखात माणूस शेवटी निकालावर तोलला जातो. आखाड्यात पाठ टेकली की टेकली. कुस्ती किती देखणी झाली हे मागून सांगायचं. तेव्हा हा प्रश्न विचारणाऱ्याला अडाणी ठरवून गप्प करण्यापेक्षा त्याच्या शेजारी बसून हिशेब मांडावा, तोही जमा आणि खर्च दोन्ही बाजूंचा.

आधी जमेची बाजू. २९ ऑगस्ट १९९१चा हा जन्म. २००८च्या ऑगस्टमध्ये बीजिंग ऑलिंपिक झालं तेव्हा त्याला १७ वर्षंही पूर्ण झाली नव्हती, आणि तो ५०, १०० व २०० मीटर अशा फ्रीस्टाइलच्या तीन शर्यतींत उतरला. १०० मीटरच्या आपल्या प्राथमिक फेरीत तो पहिला आला. उपांत्य फेरी मात्र हुकली, कारण ती गाठायला लागणारी वेळ फारच पुढची होती. त्याच तलावात मायकेल फेल्प्सनं आठ सुवर्णपदकं जिंकली. त्यातलं सातवं, १०० मीटर बटरफ्लायचं, त्यानं मिलोराद चाविचला अवघ्या एक शतांश सेकंदानं मागं टाकून मिळवलं. दहा वर्षांनी हाच शतांश वीरधवलच्या वाट्याला उलट्या बाजूनं यायचा होता.

बीजिंगनंतर दोन वर्षांनी ग्वांगझूला आशियाई स्पर्धा झाल्या. तिथं ५० मीटर बटरफ्लायमध्ये त्यानं कांस्यपदक मिळवलं. या पदकाचं वजन कळायला थोडं मागं जावं लागतं. आशियाई स्पर्धांत वैयक्तिक शर्यतीचं सुवर्णपदक पटकावणारा भारताचा जलतरणपटू एकच, १९५१च्या दिल्लीतल्या पहिल्याच स्पर्धेत १०० मीटर फ्रीस्टाइल जिंकणारे सचिन नाग. मग १९८६ला सोलमध्ये खजान सिंग यांनी २०० मीटर बटरफ्लायचं रौप्य आणलं. त्यानंतर २४ वर्षं काहीच नाही. चीन, जपान आणि कोरिया ही तीन राष्ट्रं जिथं पदकं वाटून घेतात, त्या तलावात १९ वर्षांच्या कोल्हापूरच्या पोरानं ही २४ वर्षांची कोरड संपवली. पुढच्याच वर्षी त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. ग्वांगझूनंतर चार वर्षांनी संदीप सेजवालनं इंचॉनला ५० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचं कांस्य मिळवलं. वाट आधी दिसली, मग दुसरा त्या वाटेनं गेला, असं म्हणायला इथं आधार आहे.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे कुणी सांगत नाही. ज्या शर्यतीत वीरधवल आशियात तिसरा आला, ती ५० मीटर बटरफ्लाय ऑलिंपिकमध्ये नव्हतीच. ऑलिंपिकमध्ये ५० मीटरची शर्यत होती ती फक्त फ्रीस्टाइलची. बटरफ्लाय, बॅकस्ट्रोक आणि ब्रेस्टस्ट्रोकच्या ५० मीटरच्या शर्यती पहिल्यांदा २०२८ला लॉस एंजेलिसमध्ये होतील. म्हणजे ऑलिंपिक पदकाचा प्रश्न विचारताना त्याची सर्वांत जोरकस शर्यत ऑलिंपिकच्या बाहेर होती, एवढं तरी ध्यानात घ्यायला हवं. हा नशिबाचा भाग झाला, आणि नशिबाची भरपाई कुणी देत नसतं.

आता खर्चाची बाजू. ती लपवून लिहिलं तर हा हिशेब खोटा होईल. १६व्या वर्षी ऑलिंपिक आणि १९व्या वर्षी आशियाई पदक, अशा खेळाडूकडून पुढच्या ऑलिंपिकमध्ये निदान उपांत्य फेरीची अपेक्षा ठेवणं गैर नव्हतं. २०१२ला लंडनला भारताकडून एकटा गगन उल्लालमठ पोहला. वीरधवल तिथं नव्हता. २०१६च्या रिओत नव्हता, टोकियोतही नव्हता. ज्याचं पहिलं ऑलिंपिक कोवळ्या वयात झालं, त्याचं तेच शेवटचं ठरलं. २१ ते २६ हे पोहण्यातल्या वेगाचं वय. त्यातली काही वर्षं तो तलावापासून दूर होता, कारण राज्य शासनानं त्याला तहसीलदार केलं होतं.

खरा वाद इथं आहे. खेळाडूला सरकारी नोकरी देणं हा त्याचा सन्मान, की त्याच्या खेळाला पडलेली वेसण?

सन्मानाच्या बाजूनं बोलणारे एक नाव घेतात आणि ते नाव घेतल्यावर कोल्हापुरातला कुठलाही माणूस गप्प होतो. पहिलवान खाशाबा जाधव गोळेश्वरचे, पण घडले ते कोल्हापुरात. १९५२च्या हेलसिंकीला जाण्यासाठी लोकांनी वर्गणी काढली, राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून पैसे उभे केले. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन ते परतले, बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि नोकरी? पोलिस दलात फौजदार म्हणून ते लागले १९५५ला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यांच्या मृत्यूनंतर दीड दशक उलटल्यावर. पदक जिंकून आलेल्या माणसाची इतकी आबाळ ज्या राज्यानं पाहिली, त्यानं आपल्या खेळाडूंना वर्ग एक आणि दोनच्या नोकऱ्या द्यायचं ठरवलं, तर त्यात मोठं शहाणपण आहे. पदकाला लागलेलं सोनं कुणी खात नाही. पोहणाऱ्याचं शरीर तिशीला उतरणीला लागतं, त्यापुढं ३०-४० वर्षांचं आयुष्य उरतं. क्रिकेटपटूला लिलावात कोट्यवधी मिळतात, जलतरणपटूला दुखावलेला खांदा मिळतो. आमच्या भागात मागावर बारा-बारा तासांच्या पाळ्या करून मुलांना शिकवणारे बाप आहेत. ‘तुझ्या पोराला तहसीलदार करतो’ असं त्यांना कुणी म्हटलं, तर पोराला ‘थांब, आधी ऑलिंपिक’ असं म्हणणारा त्यांच्यातून एकही निघणार नाही, आणि त्यासाठी त्यांना दोष देण्याचा अधिकार कुणाला नाही.

विरुद्ध बाजूचं म्हणणंही तितकंच खरं आहे. तहसीलदार ही काही मानाची पगडी नव्हे. सात-बारा, दाखले, निवडणुकीची कामं, पूर, दुष्काळ, मोर्चे, वाळूच्या गाड्या, मंत्र्यांचे दौरे असं त्या खुर्चीचं रोजचं काम आहे. त्याआधी प्रशिक्षण, परीक्षा आणि बदल्या. शर्यतीच्या तयारीतला जलतरणपटू पहाटे आणि संध्याकाळी असा दिवसातून दोनदा पाण्यात उतरतो, मधे व्यायामशाळेत घाम गाळतो, आणि त्याला ५० मीटर लांबीचा तलाव लागतो. तसा तलाव प्रत्येक तालुक्याच्या गावी नसतो. वीरधवल ज्यांच्या हाताखाली घडला ते निहार अमीन बंगळुरूत. एका माणसानं दोन्हीकडे असणं शक्य नव्हतं.

इथं कोल्हापूरच्याच नेमबाजांचं उदाहरण देतात. तेजस्विनी सावंत २०१०ला म्युनिकमध्ये विश्वविजेती झाली आणि तिचं पहिलं ऑलिंपिक टोकियोचं, वयाच्या चाळिशीत. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे रेल्वेत नोकरीला होता, आणि २०२४ला पॅरिसमध्ये त्यानं ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य मिळवलं. नोकरी सांभाळून पदक येतं, मग वीरधवलला काय अडचण होती, असा युक्तिवाद यावरून होतो. मला तो पटत नाही. नेमबाजाची नजर आणि हात चाळिशीतही साथ देतात. दोन-तीन वर्षं गेली तर ती पुढं भरून काढता येतात. ५० मीटर पोहणाऱ्याचं तसं नाही. गुऱ्हाळात काहिलीतला पाक उतरवायची एक वेळ असते, ती हुकली की मग चूल कितीही फुंकली तरी गूळ साधत नाही. शिवाय रेल्वेनं खेळाडू नोकरीत घेतले ते खेळवण्यासाठी. सेनादलांचंही तसंच आहे, पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये जवानाची ड्यूटी म्हणजे त्याचा सराव. राज्याच्या महसूल खात्याची रचना त्यासाठी नाही. ती खेळाडूला अधिकारी करते, आणि अधिकाऱ्याला अधिकाऱ्याचं काम देते. यात कुणा एका साहेबाचा दुष्टपणा शोधण्याचं कारण नाही. नियमच तसा बसवलेला आहे.

एवढ्यावर निकाल देऊन मोकळं व्हावं असं वाटतं, पण मधे जकार्ता येतं.

मधली वर्षं गेल्यावर वीरधवल पुन्हा पाण्यात उतरला आणि २०१८च्या जकार्ताच्या आशियाई स्पर्धांना गेला. तेव्हा तो २७ वर्षांचा व्हायला अवघे काही दिवस होते. ५० मीटर फ्रीस्टाइलच्या प्राथमिक फेरीत त्यानं २२.४३ सेकंदांची वेळ दिली आणि २००९चा स्वतःचाच राष्ट्रीय विक्रम मोडला. अंतिम फेरीत तो २२.४७ सेकंदांत पोहला. तिसरा आलेला जपानचा शुनिची नाकाओ २२.४६ सेकंदांत पोहला होता. पदक गेलं एक शतांश सेकंदानं. त्या वेगात शतांश सेकंद म्हणजे सुमारे सव्वादोन सेंटिमीटर. बोटाचं एक पेर म्हणा. त्याहून बारीक माप पोहण्यात कुणी घेत नाही. १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये एक शर्यत दोन सहस्रांश सेकंदांनी ठरली, आणि त्यानंतर शतांशाच्या खाली जायचं नाही असा नियम झाला, कारण तलावाच्या भिंतीसुद्धा तेवढ्या काटेकोर बांधता येत नाहीत. वीरधवल हरला तो मोजता येणाऱ्या सर्वांत लहान मापानं.

हा पुरावा दोन्ही बाजूंना लागू पडतो, म्हणून तो नीट पाहायला हवा. नोकरीनं त्याला संपवलं असं म्हणावं, तर कारकिर्दीतली सर्वांत वेगवान ५० मीटर त्यानं नोकरी लागल्यानंतर, २६व्या वर्षी मारली. विशीच्या आत केलेला विक्रम माणूस इतक्या वर्षांनी, मधे इतका खंड पडूनही मोडतो, याचा अर्थ त्याच्यातलं पाणी आटलेलं नव्हतं. आणि उलट म्हणावं, तर खंड पडून जो २२.४३ देतो, तो खंड नसता तर काय देता? दोन सेंटिमीटर भरून काढायला किती सराव लागतो? एक महिना? एक हंगाम? या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर ‘सांगता येत नाही’ एवढंच आहे. मात्र जो राष्ट्रीय विक्रमवीर पदकापासून दोन बोटं दूर राहतो, त्याच्या सरावाच्या गेलेल्या वर्षांची किंमत शून्य होती असं म्हणणं मला न्यायाचं वाटत नाही.

त्याच्या स्वतःच्या वाट्याची जबाबदारीही आहेच. नोकरी कुणी त्याच्या गळ्यात बांधली नव्हती, त्यानं ती स्वीकारली. स्थिर आयुष्य हवंसं वाटणं हा गुन्हा नाही, पण निवड ही निवड असते आणि तिचा परिणाम पाण्यात दिसतो. सगळा दोष शासनावर ढकलून खेळाडूला निव्वळ बळी ठरवणं हाही त्याचा अपमान आहे. तो बळी नव्हता. पुढं २०२०ला करोनात तलाव बंद राहिले, इतर खेळांचे सराव सुरू झाले तरी जलतरणपटूंना पाणी मिळेना, तेव्हा निवृत्तीचा विचार करावा लागेल असं त्यानं उघडपणे सांगितलं. तरीही तो आणखी तीन वर्षं टिकला आणि गोव्यात सुवर्ण घेऊनच बाहेर पडला. ज्याला खेळ कधीच सोडता आला असता, पगार चालूच होता, पदही होतं, तो ३२व्या वर्षापर्यंत पहाटेच्या पाण्यात उतरत राहिला. हे केवळ आवडीपोटी घडतं.

अमेरिकेत त्यांच्या फुटबॉलचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणारा खेळाडू, निवृत्त झाला की महिनोन् महिने चर्चा चालते. टॉम ब्रेडी वीरधवलच्याच वर्षी, २०२३ला, कायमचा थांबला. त्याच्या नावावर सुपर बोलची सात विजेतेपदं, त्यामुळे तिथं वादाला जागाच उरत नाही. मला या संदर्भात डॅन मरिनो जास्त मोलाचा वाटतो. १९८३ ते १९९९ असे १७ हंगाम तो मायामीकडून खेळला. १९८४ला एका हंगामात ५,००० यार्डांच्या वर चेंडू फेकणारा तो पहिला. विजेतेपद मात्र एकही नाही. तरीही सर्वोत्तम क्वार्टरबॅकांची यादी काढताना त्याचं नाव कुणी गाळत नाही. पदकांवर जीव टाकणारा तो देशही पदकाखेरीज दुसरं माप ठेवतो, ते म्हणजे या माणसानं खेळ पुढं नेला का? या मापानं पाहिलं तर वीरधवल पास होतो. बीजिंगला तो गेला तेव्हा भारतीय जलतरणपटूनं ऑलिंपिकला जाणं म्हणजे हजेरी लावणं होतं. २०२१ला साजन प्रकाश आणि श्रीहरी नटराज यांनी ऑलिंपिकला थेट प्रवेश देणारी ‘अ’ पात्रता वेळ गाठली, आणि भारतीयांनी ती गाठण्याची ती पहिलीच वेळ होती. त्यांचं श्रेय त्यांचं आहे. पण आशियात आपला माणूस पदक घेऊ शकतो हे त्यांच्या पिढीनं पाहिलं होतं ते वीरधवलमुळे.

वारसा म्हणतात तो मात्र पुढच्या पोरांत मोजायचा असतो, आणि तिथं आपल्या जिल्ह्याची बाजू लंगडी पडते. कबनूरच्या आसपासची जुनी माणसं पोहायला शिकली ती विहिरीत. पाठीला डबा बांधायचा, थोरल्यानं काठावरून ढकलायचं, आठवड्यात डबा सुटायचा आणि पंधरवड्यात पोरगं मुटके मारायला लागायचं. नाहीतर पंचगंगा होतीच. आता कितीतरी विहिरी बुजल्या, उरल्यात त्यांना जाळ्या बसल्या. पंचगंगेचं म्हणाल, तर कापडाच्या रंगाचं आणि शहरांच्या सांडपाण्याचं ओझं घेऊन वाहणाऱ्या त्या पाण्यात कुठली आई पोराला उतरवेल? २०१२ला इचलकरंजीनं काविळीची साथ भोगली आहे, माणसं गेली आहेत. नदीशी पोरांचं नातं तुटलं ते इथं. पोहणं आता फी भरून, उन्हाळी सुट्टीत, तलावावर शिकायची गोष्ट झाली, म्हणजे ज्याच्या घरी पैसे आणि गाडी आहे त्याच्यासाठी. मागवाल्याच्या पोरात वेग असेलही, पण तो कळणार कुठं? कुस्तीला गल्लोगल्ली तालमी आहेत, कोल्हापुरात फुटबॉलला पेठापेठांच्या तालमींचा आधार आहे, हजारो माणसं शाहू स्टेडियमवर जमतात. पोहण्याला अशी तालीम कुणी बांधलीच नाही. वीरधवल घडला तो त्याच्या घरानं घेतलेल्या कष्टांतून आणि पुढं बंगळुरूच्या तलावातून.

माझा कौल असा : वीरधवल खाडे हा महाराष्ट्रानं पाण्यात घडवलेल्या सर्वांत मोठ्या खेळाडूंपैकी एक, आणि त्याची कारकीर्द यशस्वी. ती पूर्ण झाली नाही हेही तितकंच खरं, आणि त्या अपुरेपणातला मोठा वाटा नोकरी ज्या तऱ्हेनं दिली गेली त्या तऱ्हेचा आहे, थोडा त्याच्या निवडीचा, थोडा निव्वळ दैवाचा. खेळाडूंना नोकऱ्या देणं बंद करा असं कुणी यावरून म्हणेल तर मी त्याच्या विरोधात उभा राहीन. खाशाबांचे दिवस कुणावर पुन्हा येऊ नयेत.

पण नोकरीच्या अटी बदलता येतात. महसूल आणि क्रीडा या दोन खात्यांनी एकत्र बसून एवढंच ठरवावं : पदकविजेत्या खेळाडूची नेमणूक ज्या दिवशी होते, त्या दिवसापासून तो स्पर्धेत आहे तोवर सराव हीच त्याची ड्यूटी. पगार चालू, सेवाज्येष्ठता चालू, खात्याचं प्रशिक्षण आणि खुर्ची खेळ संपल्यावर. रजेसाठी दरवेळी अर्ज नको, मंत्रालयाच्या पायऱ्या नकोत. ज्या वर्षी तो राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडेल, त्या वर्षी त्याला बिनदिक्कत कचेरीत बसवा. पोहणं, धावणं, जिम्नॅस्टिक्स अशा लवकर संपणाऱ्या खेळांसाठी तर हे आधी करा.

आणि कबनूर, इचलकरंजी, हातकणंगल्याच्या कारभाऱ्यांकडे एक मागणं आहे. पुढचा निधी स्वागत कमानीवर घालण्याआधी शाळेच्या पोरांना फुकट शिकता येईल असा एक स्वच्छ, २५ मीटरचा तलाव आणि त्यावर एक पगारी प्रशिक्षक यांचा ठराव ग्रामसभेत आणि सभागृहात मांडा. मांडलात तर हात वर करायला आम्ही येऊ.